सामाईक भिंत

इरफान शेख पुण्याहून आला तो दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन. फणी गल्लीच्या फरशीवर त्या बॅगांची चाकं अशी खडखडली की दारादारांतून लोकांनी डोकावून पाहिलं. तो आपल्या घरापाशी पोचायच्या आत सगळ्यांना कळून चुकलं की हा आईला, मेहरुन्निसाला, न्यायला आलाय.

संध्याकाळी गिरणीच्या जुन्या टाइम ऑफिसात बैठक बसली. आता तिथं ‘फणी गल्ली भागीदारी संस्थे’चं कार्यालय होतं आणि रेणुका चिलका संस्थेची अध्यक्ष होती. रेणुका टॉवेलच्या कारखान्यात शिलाई विभाग सांभाळायची. पन्नाशीला टेकलेली, बोलणं मोजकं, आवाज खालचा. तिचं आणि शेखांचं घर शेजारी, मधली भिंत एकच. रोज दुपारी चारच्या चहाला मेहरुन्निसा तिच्याकडे नाहीतर ती मेहरुन्निसाकडे, हे दोघी लग्न होऊन गल्लीत आल्यापासून चाललेलं.

“बायकोला सातवा लागलाय,” इरफान म्हणाला. “अम्मीला घेऊन जातो. अब्बा गेल्यापासून ती एकटीच आहे इथं. घराचं तुम्ही काय करायचं ते करा, मला त्यातलं काही नको.”

“घर आम्हाला पण नकोय रे,” रेणुका म्हणाली. “आम्हाला घरात माणूस पाहिजे.”

कारण इरफानला माहीत होतं. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

सोलापुरातली ही गल्ली गिरणी कामगारांची. दगडी घरांची लांबच लांब रांग, प्रत्येक दोन घरांत एक सामाईक भिंत. गिरणी बंद पडली आणि गल्ली हळूहळू शहराच्या मनातून उतरली. बँका पत्ता बघूनच कर्ज नाकारायच्या. शाळेत पोरं कमी झाली म्हणून शाळा हलली. सिटी बस अलीकडच्याच चौकातून वळायला लागली. दगडांमधला चुना पिठासारखा गळायचा आणि दर पावसाळ्याआधी दारांवर ‘धोकादायक’ अशी नोटीस लागायची. ज्यांना जमलं ते निघून गेले. उरलेल्यांची वाट बिल्डर बघत होते, एखादं घर पडलं की पूर्ण रांगच मिळेल म्हणून.

अशा वेळी डॉ. शलाका तांबवे गल्लीत आल्या. पुण्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या जिवाणूंवर काम करत. मार्कंडेयाच्या देवळासमोरच्या ओट्यावर बसून त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून बायकांनी आधी तोंडाला पदर लावले.

“मातीत काही जिवाणू असतात,” त्या म्हणाल्या होत्या, “ते लघवीतला युरिया फोडून खातात. त्यातून कार्बोनेट सुटतं. आसपासच्या पाण्यात कॅल्शियम असलं की दोघं एकमेकांना धरतात आणि चुनखडीचा कण तयार होतो. तुमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादल्यांना पांढरा थर चढतो. तोच थर आपण भिंतीच्या आत चढवायचा. मोरीचं, न्हाणीघराचं पाणी मागच्या टाकीत जाईल, तिथून मातीच्या बारीक नळ्यांनी भिंतीत झिरपेल. भेग पडली की जिवाणू ती आपोआप बुजवतील. जोवर घरात माणसं नांदतात, तोवर भिंत जिवंत.”

“म्हणजे आमच्या मुतानं घर उभं राहणार?” कोणीतरी विचारलं होतं.

“हो,” डॉक्टरीणबाई जराही न लाजता म्हणाल्या होत्या.

आणि राहिलं. पालिकेनं जागा लोकांच्या नावावर कायम केल्या आणि गटारं दिली, कंपनीनं जिवाणू आणि टाक्या दिल्या, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी नळ्या बसवल्या, गल्लीनं अंगमेहनत दिली. दुसऱ्या वर्षी भिंती हाताला थंड आणि टणक लागायला लागल्या. नोटिसा थांबल्या. मग बाकीचं मागोमाग आलं. बंद शेडमध्ये टॉवेलचे माग सुरू झाले, शाळा परत आली, दवाखाना आला, बस गल्लीच्या तोंडाशी थांबायला लागली. करारात एक अट रेणुकानं हट्टानं घालून घेतली होती. घर गल्लीबाहेरच्या माणसाला विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. नाहीतर आपण जागवलेली गल्ली पैसेवाले दोन वर्षांत घेऊन टाकतील, असं ती म्हणाली होती, आणि सगळ्यांनी हात वर केले होते.

तिसऱ्या वर्षी यादगिरी मास्तर वारले. मागे कोणी नव्हतं, घराला कुलूप लागलं. तीन महिन्यांत त्या घराची भिंत पोट पुढं काढल्यासारखी फुगली आणि शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात दगड सुटले. डॉ. तांबवे धावत आल्या. भिंतीचा नमुना तपासून त्यांनी सांगितलं ते प्रयोगशाळेत कधी दिसलं नव्हतं. खायला मिळालं नाही की हे जिवाणू आम्ल सोडतात आणि स्वतः बांधलेली चुनखडी विरघळवून त्यावर जगायला बघतात. जुना चुना तर केव्हाच गेला होता. आता रांगेला धरून ठेवणारं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

मास्तरांच्या घरात बोल्लींचा धाकटा मुलगा वेगळा होऊन राहायला गेला आणि तेवढ्यावर निभावलं. तेव्हापासून नियम झाला, आठवड्याहून जास्त कुठलंही घर रिकामं ठेवायचं नाही. वेगळे होण्यासारखे होते ते सगळे एव्हाना वेगळे झाले होते. नवीन माणूस गल्लीत उरला नव्हता.

“एक वर्ष थांब, इरफान,” रेणुका बैठकीत म्हणाली. “कंपनी नवीन जिवाणू करतेय. उपाशी राहिले तर झोपून जातात, भिंत खात नाहीत. डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलंय मला. ते भिंतीत घातले की कोणीही कुठंही जाऊ दे. फक्त एक वर्ष.”

इरफान आईकडे बघत होता. मेहरुन्निसा इतका वेळ दाराशी खुर्चीवर बसून होती. तिनं रेणुकाकडे पाहिलं.

“तू म्हणतीस तर थांबते,” ती म्हणाली.

इरफाननं बॅगा रिकाम्याच परत नेल्या. जाताना तो रेणुकाशी बोलला नाही. दिवाळीच्या सुमाराला त्याला मुलगा झाला. मेहरुन्निसा पाच दिवस पुण्याला जाऊन आली आणि नातवाचे फोटो रेणुकाला दाखवत बसली. त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

फेब्रुवारीत रेणुकाच्या नवऱ्याला खोकला लागला. अंबादासनं तरुणपणी गिरणीच्या फणी खात्यात कापसाची धूळ खाल्ली होती, त्याची फुफ्फुसं आधीच अधू. पण हा खोकला वेगळा होता. घरात असला की वाढायचा, देवळाच्या ओट्यावर जाऊन बसला की उतरायचा. मार्चमध्ये ऊन चढलं तसा तो घरात झोपेनासा झाला. ओठ निळे पडले तेव्हा रेणुका त्याला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली.

छातीच्या डॉक्टरांनी घर कसलं आहे, आसपास काय आहे, असं खोदून विचारलं. रेणुकानं भिंतीबद्दल सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

“युरिया फुटला की अमोनिया सुटतो,” ते म्हणाले. “तुम्हाला-मला त्याचा वाससुद्धा येणार नाही इतका थोडा असेल. यांच्या फुफ्फुसांना तेवढाही झेपत नाही. खिडक्या उघड्या ठेवून भागणार नाही. यांना त्या घरातून हलवा.”

“गल्लीतच दुसऱ्या घरात?”

“भिंत तीच ना सगळीकडे?”

रेणुकानं मान हलवली.

तिनं घरी येऊन डॉ. तांबवेंना फोन लावला. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाल्या. त्यांनी खोलीत उपकरण ठेवून मोजमाप घेतलं, टाकी उघडून पाहिली, मग अंबादासच्या खाटेशेजारी स्टुलावर बसल्या. त्या आता थकलेल्या दिसत होत्या.

“कंपनी विकली गेली, रेणुकाताई. मागच्या महिन्यात. ज्यांनी घेतली त्यांना आमच्या विभागात रस नाही. नवीन जिवाणूंचं काम बंद केलंय. मी नोकरी सोडून कॉलेजात शिकवायला लागलेय. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगायचं म्हणून फोन टाळत होते.”

रेणुका म्हणाली, “घर बंद करून आम्ही दोघं गेलो तर? भिंतीला खताचा युरिया घातला तर?”

“मास्तरांच्या घराच्या वेळी करून पाहिलं होतं मी. ते अधाशासारखं खातात, अमोनिया दसपट सुटतो आणि दगडाचा वरचा पापुद्रा क्षारानं फुटतो. माणसाच्या रोजच्या पाण्यात जे असतं ते त्यांना सवयीचं झालंय. थोडं-थोडं, रोज.”

“भाडेकरू ठेवला तर? अट बदलून घेते मी.”

“अट बदलायला करारातल्या सगळ्यांच्या सह्या लागतात. पालिका करेल, गल्ली करेल. कंपनीच्या जागी आता सही करायला कोण आहे, हे मलाच सापडत नाहीये.”

ती अट आपणच घालून घेतली, याची रेणुकाला कोणी आठवण करून द्यायची गरज नव्हती.

“अजून एक मार्ग आहे,” डॉ. तांबवे जाताना म्हणाल्या. “तुमचं घर पूर्ण उतरवायचं. दोन्ही शेजाऱ्यांच्या उघड्या पडलेल्या भिंतींना सिमेंटचं साधं अस्तर करायचं. मध्ये मोकळी जागा राहील. शेजाऱ्यांच्या भिंतीचं निम्मं खाणं तुटेल, पण त्या बहुतेक टिकतील. बहुतेक म्हणतेय मी, खात्री नाही. दोन्ही शेजाऱ्यांची लेखी संमती पाहिजे.”

एका बाजूच्या देवसानींनी ऐकून घेतलं आणि अंबादासकडे बघून हो म्हटलं. दुसऱ्या बाजूला मेहरुन्निसा होती.

रेणुका चारच्या चहाला गेली. मेहरुन्निसानं तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. कप विसळून पालथे घातले, हात पुसले आणि मग समोर येऊन बसली.

“मी सही नाही करणार, रेणुका.”

“भाभी, त्यांना श्वास घेता येत नाहीये.”

“रात्री ऐकते मी. भिंत एकच आहे आपली.” तिचा आवाज चढला नव्हता. “तू थांब म्हणालीस, मी थांबले. नातू चार महिन्यांचा झाला, मला ओळखत नाही. इरफान फोनवर दोन शब्द बोलतो आणि सुनेकडे देतो. का थांबले मी? ही भिंत पडू नये म्हणून. आता तू म्हणतीस, भिंत बहुतेक पडणार नाही, सही कर. पडली तर मी एकटी बाई त्या खोलीत झोपलेली असणार आहे. आणि इथून उठून कुठं जायचीही सोय नाही मला, कारण माझं घर रिकामं ठेवलं तर पलीकडच्या गड्डमांचं पडतं.”

हाच हिशोब रेणुकानं त्या दिवशी टाइम ऑफिसात इरफानला समजावला होता.

“मी रागानं नाही म्हणत,” मेहरुन्निसा म्हणाली. “राग असता तर बरं झालं असतं. राग गेल्यावर मी सही केली असती.”

आठवड्याच्या आत अंबादासला बार्शीला त्याच्या बहिणीकडे पाठवलं. बहिणीचं घर गावाबाहेर, साध्या विटांचं, पुढं अंगण. पहिल्याच रात्री तो सलग झोपला, असा फोन आला. रेणुकाला आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग तो आता इथं परतणार नाही हे कळलं, तशी ती फोन ठेवून मोरीत जाऊन बसली.

मग ती एकटी त्या घरात राहायला लागली. दोघांचं घर एका माणसावर चालवायचं म्हणून ती जास्त पाणी प्यायची, कारखान्यातून मुद्दाम घरी येऊन न्हाणीघरात जायची. कारखान्यातल्या पोरी आधी हसल्या, मग हसेनाशा झाल्या. रविवारी सकाळच्या एसटीनं बार्शी आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. अंबादासच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं. तो अंगणात लसूण सोलत बसायचा आणि गल्लीतल्या एकेकाची चौकशी करायचा.

“तू कधी येतीस राहायला?” त्यानं एकदा विचारलं.

“बघू.”

“मी येऊ का परत? चार दिवस?”

“नको.”

“घर माझं आहे, रेणुके. माझ्या बापाला मिळालेलं.”

“म्हणून तर राखतेय,” ती म्हणाली आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठली.

जूनमध्ये अंबादासला ताप भरला. नणंदेचा फोन दुपारी आला. फार काही नाही, पण तुझं नाव घेतोय, म्हणाली. रेणुकानं पिशवीत दोन साड्या टाकल्या आणि दाराशी येऊन थांबली. किती दिवस लागतील सांगता येत नव्हतं. मागच्या आठवड्यातच सामाईक भिंतीवर तिच्या बाजूनं केसाएवढी एक भेग दिसली होती. ती पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यावर बसून राहिली. आत जाता येईना आणि बाहेर पडता येईना.

मेहरुन्निसा भाजी घेऊन येत होती. तिनं पिशवी पाहिली, रेणुकाचा चेहरा पाहिला.

“अंबादासभाऊ?”

“ताप आहे.”

“मग बसलीस काय?”

रेणुकानं भिंतीकडे बघितलं.

मेहरुन्निसानं भाजीची पिशवी खाली ठेवली आणि हात पुढं केला. “चावी दे. सकाळी तुझ्या घरात, संध्याकाळी माझ्या. अंघोळ इकडं, धुणं तिकडं. दोन्ही घरं मी धरते.”

“एका माणसानं दोन घरं?”

“डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी. मागंच विचारलं होतं, तू बार्शीला जायला लागलीस तेव्हा. त्या म्हणाल्या, पूर्ण उपाशी ठेवण्यापेक्षा अर्धपोटी ठेवलं तर पंधरा-वीस दिवस भिंत दम धरते. त्याहून जास्त नाही. त्यानंतर दोन्ही घरांत पोटभर पाहिजे काही दिवस.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“आधी बोलायचं मनात नव्हतं,” मेहरुन्निसा म्हणाली. “तू पण बस की इथं, असं वाटायचं. जा आता, गाडी जाईल.”

रेणुका बारा दिवस बार्शीत राहिली. ताप चौथ्या दिवशी उतरला. उरलेले दिवस दोघं नवरा-बायको अंगणात नुसती बसून राहिली. अंबादास तिला रोज सकाळी विचारायचा, आज नाही ना जायचं? आणि ती नाही म्हणायची. मग एके दिवशी हो म्हणाली.

परत आल्यावर तिनं आधी भिंत पाहिली. केसाची भेग वाढली नव्हती. मग ती मेहरुन्निसाला म्हणाली, “इरफानला फोन कर. येतेय म्हणून सांग. दोन्ही घरं मी धरते.”

“इतक्यात नाही. आठ-दहा दिवस आधी दोघी राहू इथं. भिंतीला भरू दे.”

ते आठ-दहा दिवस त्यांनी रोज चारचा चहा घेतला. मग मेहरुन्निसा पुण्याला गेली. ती परतल्यावर पुन्हा थोडे दिवस दोघी, आणि मग रेणुका बार्शीला. संस्थेच्या बैठकीत रेणुकानं हे सगळ्यांना सांगितलं तेव्हा बोल्लींनी आणि गड्डमांनीही जोडी जमवली, मग पुढच्यांनी. गल्लीत कोण गेलंय, कोण आहे, कोणाच्या जिवावर कोण बाहेर पडलंय, हे आता सगळ्यांना तोंडपाठ असायचं. लग्नाच्या तारखासुद्धा शेजाऱ्याची जाण्या-येण्याची पाळी बघून ठरायला लागल्या. डॉ. तांबवे कॉलेजातल्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन झोपणाऱ्या जिवाणूंवर पुन्हा काम करायला लागल्या होत्या. किती वर्षं लागतील विचारलं की त्या खरं ते सांगायच्या, माहीत नाही.

दुसऱ्या वर्षी भिंतीला थोडं कमी खाऊन राहायची सवय लागली की काय कोण जाणे, पण मधले दोघींचे दिवस लागेनासे झाले. डॉ. तांबवेंनी तपासून सांगितलं, दोन्ही घरांत मिळून एक माणूस कायम असलं तरी आता चालेल, फक्त खंड पडायला नको. इरफानचा मुलगा चालायला लागला होता आणि आजी निघाली की दाराशी बसून रडायचा. अंबादासला एकट्यानं जेवण जात नव्हतं. त्यामुळे दोघींनीही मधले दिवस मागून घेतले नाहीत. एक आली की दुसरी निघायची.

त्या श्रावणात रेणुका बार्शीहून आली तेव्हा मेहरुन्निसा बॅग भरून दाराबाहेर उभीच होती. रिक्षा थांबलेली होती.

“टाकीचं झाकण जरा सरकलंय, बघ,” मेहरुन्निसा म्हणाली. “तुझ्याकडं पीठ दळून ठेवलंय.”

“नातू कसा आहे?”

“बोलतो आता. अंबादासभाऊ?”

“बरे आहेत. तुझी आठवण काढतात.”

मेहरुन्निसानं दोन्ही घरांच्या चाव्या तिच्या हातात दिल्या. रेणुकाच्या तोंडावर चहाचं आलं होतं, पण पुण्याची गाडी सव्वाचारला होती आणि चार वाजून गेले होते. मेहरुन्निसा रिक्षात बसली. रेणुकानं आधी आपलं दार उघडलं, मग तिचं.